लिनक्स की बीएसडी: आपल्या संगणकासाठी मुक्त प्रणाली निवडण्याची रीत

“कोणती डिस्ट्रो टाकू?”, म्हणजे लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचे कोणते रूप संगणकावर बसवू, हा प्रश्न चार जाणकारांना विचारला तर चार वेगळी उत्तरे येतात, आणि प्रत्येक उत्तरामागे उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा संगणक, स्वतःचे काम आणि स्वतःच्या सवयी असतात. उत्तरे खोटी नसतात. फक्त ती विचारणाऱ्याच्या संगणकाविषयी काहीच सांगत नाहीत. म्हणून या लेखात कोणत्याही प्रणालीला पहिला क्रमांक दिलेला नाही, निवडीचा क्रम मात्र दिला आहे. आधी यंत्र काय चालवू देते ते पाहावे, मग आपले काम कशावाचून अडते ते पाहावे, आणि एवढ्या चाळणीतून जे उरेल त्याची देखभाल आपल्याला किती झेपेल यावर अखेरचा निर्णय घ्यावा. ही शेवटची पायरी बहुतेक जण वगळतात आणि माझ्या मते निवड तिथेच फसते, कारण प्रणाली बसवायला एक दुपार पुरते, पण ती अपडेट करत राहणे हे पुढे कित्येक वर्षांचे काम असते.

दोन घराणी

युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत त्याची बीएसडी ही आवृत्ती वाढली. दुसऱ्या बाजूला १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला. १९९२ ते १९९४ या काळात बीएसडीच्या कोडच्या मालकीवरून खटला चालू होता. नेमक्या त्याच वर्षांत लिनक्सभोवती माणसे जमत गेली. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, डेबियन आणि स्लॅकवेअर हे चारही प्रकल्प १९९३ सालचे आहेत. ओपनबीएसडी हा प्रकल्प थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून फुटून १९९५ मध्ये सुरू केला.

हा इतिहास निवडीपुरता कामाचा आहे तो एका कारणासाठी. लिनक्स म्हणजे केवळ कर्नल. त्याच्याभोवतीची साधने, इन्स्टॉलर, पॅकेज व्यवस्था आणि सुरुवातीची सेटिंग्ज वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून, त्यांची मोट बांधून जे तयार होते ते वितरण, म्हणजेच डिस्ट्रो. बीएसडीच्या घरात कर्नल आणि मूळ साधने एकाच छताखाली, एकाच सोर्स-वृक्षात लिहिली जातात, आणि बाहेरून आलेली पॅकेजे वेगळ्या जागी बसतात. याचा प्रत्यक्ष परिणाम असा की बीएसडीमध्ये ‘मॅन’ पाने, म्हणजे प्रणालीतच मिळणारी माहितीची पाने, प्रत्यक्ष वर्तनाशी जुळतात. ओपनबीएसडीत तर प्रत्येक ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या) पानावर तो कोणकोणत्या चिप चालवतो त्याची यादीच असते, त्यामुळे खरेदीपूर्वीच खातरजमा करता येते. लिनक्सच्या बाजूने पाहिले तर हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर लिहिताना आधी लिनक्सचा विचार करतात आणि बीएसडीला ते ड्रायव्हर पुढे आणून बसवावे लागतात. फ्रीबीएसडीतील इंटेल आणि एएमडी ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्समधूनच आणलेले आहेत आणि ते पॅकेज म्हणून स्वतंत्रपणे बसवायचे असतात.

कोड वापरण्याच्या जीपीएल आणि बीएसडी या परवान्यांतील फरकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या टेबलावरच्या संगणकासाठी प्रणाली निवडताना तो फरक सहसा आड येत नाही. ‘सिस्टमडी’ (बहुतेक लिनक्समध्ये संगणक सुरू होताना सेवा चालू करणारे साधन) वापरावे की नाही या वादालाही मी तेवढेच महत्त्व देईन. ज्यांना त्यात खरोखर रस आहे त्यांना ते टाळणारी डेव्हुआन, व्हॉइड, अल्पाइन किंवा स्लॅकवेअर ही नावे आधीच ठाऊक असतात.

यंत्राची झडती

कोणतीही प्रणाली ठरवण्यापूर्वी एखाद्या लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करून त्यावर संगणक सुरू करावा. डिस्कवर काहीही न बसवता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. त्यात टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-के’ या पर्यायासह द्यावी. आतल्या प्रत्येक घटकाची नोंद दिसते आणि तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. वाय-फाय कार्डाच्या नोंदीखाली ही ओळ नसेल तर त्या कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. ओळ असूनही वाय-फाय दिसत नसेल तर ‘डीमेसेज’ या कमांडच्या निकालात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. ड्रायव्हर हजर आहे, पण कार्डात भरायची फर्मवेअर फाइल सापडली नाही, अशी तक्रार तिथे बहुधा लिहिलेली असते. यूएसबीवर असलेल्या घटकांसाठी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड आहे. कॅमेरा, ब्लूटूथ आणि बोटाचा ठसा घेणारा सेन्सर पुष्कळदा तिथे सापडतात. दोन्ही निकाल फाइलमध्ये साठवून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक निर्णयात त्यांचाच आधार घ्यायचा आहे.

फर्मवेअरच्या बाबतीत मी स्वतः एकदा अडकलो होतो. लॅपटॉपला केबलचे पोर्ट नव्हते, डेबियनच्या त्या वेळच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वाय-फायचे फर्मवेअर नव्हते, आणि ते उतरवून घ्यायला नेटवर्क हवे होते. आधी विहीर की आधी बादली, अशी ती अडचण दीड तास चालली आणि अखेर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केल्यावर दोन मिनिटांत सुटली. डेबियनने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केल्यामुळे तिथे हा प्रश्न पुष्कळ सौम्य झाला आहे. ओपनबीएसडीत मात्र तो आजही उभा राहतो: अनेक वाय-फाय कार्डांचे फर्मवेअर पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेटवरून उतरवले जाते, म्हणून बसवण्याच्या दिवशी इथरनेटची केबल किंवा अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल जवळ ठेवावी.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून एवढ्या गोष्टी स्वतःच्या हाताने तपासाव्यात: वाय-फाय, आवाज, मायक्रोफोन, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा, बाहेरचा पडदा आणि स्लीप. स्लीपची चाचणी फार जण टाळतात आणि नंतर पस्तावतात. झाकण मिटून अर्धा तास थांबावे, उघडावे, आणि वाय-फाय परत जोडले गेले का, बॅटरी किती उतरली, हे पाहावे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची गाढ झोप संगणकाच्या मूळ फर्मवेअरनेच (बायोसनेच) काढून टाकलेली असते आणि फक्त हलकी झोप उरलेली असते. अशा यंत्रावर लिनक्स बऱ्यापैकी निभावते, पण बीएसडीवर विसंबण्यापूर्वी प्रत्यक्ष चाचणी हवीच.

काही घटक निवड जवळजवळ एकट्याने ठरवतात. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कंपनी लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोहोंसाठी ड्रायव्हर देते, ओपनबीएसडीसाठी देत नाही. म्हणजे तिथे पडदा दिसेल, पण ग्राफिक्सचा वेग मिळणार नाही. वाय-फायच्या बाबतीत इंटेलची कार्डे बहुधा सुरक्षित, ब्रॉडकॉमची कार्डे बहुतेक ठिकाणी डोकेदुखी, आणि रिअलटेकच्या बाबतीत नेमका मॉडेल क्रमांक पाहिल्याशिवाय काहीही बोलू नये. संगणक बत्तीस-बिटी असेल तर यादी झपाट्याने आखूड होते: आर्चने २०१७ मध्ये आणि फेडोराने २०१९ मध्ये त्या यंत्रांचा आधार सोडला, डेबियनने २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर देणे बंद केले, परंतु नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी तिथे अजूनही चालतात. मात्र चालणे आणि उपयोगी पडणे यांत अंतर आहे. दोन जीबी मेमरी असलेल्या संगणकावर प्रणाली आरामात बसते, पण आजचा ब्राउझर चार टॅबमध्येच त्याची दमछाक करतो. हलका डेस्कटॉप घेतल्याने ब्राउझर हलका होत नाही, हे जुन्या यंत्रासाठी शोध घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी संगणकाची सोय, हिचाही विचार याच टप्प्यावर करावा. उबुंटू, फेडोरा, डेबियन, ओपनसुसे आणि लिनक्स मिंट हे सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. आर्चचा इन्स्टॉलर आणि बीएसडी कुटुंबातील प्रणाली यांच्यासाठी तो बंद करावा लागतो. विंडोज शेजारी ठेवायचे असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी-की कागदावर लिहून घ्यावी. नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच किल्ली मागत बसते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत इंटेलच्या रेडवर ठेवलेली आहे का, हे पाहावे. ती एएचसीआयवर आणली की डिस्क बहुधा दिसू लागते, पण विंडोज आधीपासून बसलेले असेल तर हा बदल आधी तयारी केल्याशिवाय करू नये, कारण मग विंडोज सुरू होत नाही.

काम कशावाचून अडते

ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस, फोटो पाहणे, गाणी ऐकणे आणि प्रोग्रॅमिंग एवढेच काम असेल तर या पायरीवर कोणतीच प्रणाली गळत नाही. गळती सुरू होते ती अपवादांमुळे, म्हणून आपण गेल्या महिनाभरात संगणकावर प्रत्यक्ष काय केले त्याची यादी लिहावी आणि अपवाद शोधावेत.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि ॲडोबीचे प्रोग्रॅम लिनक्स किंवा बीएसडी घराण्यातील कोणत्याच प्रणालीवर थेट बसत नाहीत. पैसे भरून पाहायचे चित्रपट आणि मालिका ज्या वाइडवाइन या कुलुपात येतात, ते कुलूप उघडणारा भाग लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये मिळतो, बीएसडीवर त्याची थेट आवृत्ती नाही; फ्रीबीएसडीवर लिनक्सचा ब्राउझर चालवून मार्ग काढतात, ओपनबीएसडीवर तोही मार्ग नाही. खेळांसाठी स्टीम हे ऑनलाइन दुकान आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा २०१८ पासूनचा प्रोटॉन यांनी लिनक्सवर बरीच मजल मारली आहे, तरी फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर जोडलेले अनेक ऑनलाइन खेळ तिथेही चालत नाहीत. प्रिंटर नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवाय छापू देणारा असेल तर तो सगळीकडे छापतो. पण कंपनीने दिलेल्या बंद ड्रायव्हरवरच चालणारा असेल तर तो ड्रायव्हर जवळजवळ नेहमी लिनक्सपुरता असतो. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ब्लूटूथचा कोडच काढून टाकला, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन हवेच असतील तर स्वतःची ओळख साउंड कार्ड म्हणून देणारा यूएसबी ट्रान्समीटर लावणे एवढाच उपाय राहतो. आणि देवनागरीसारख्या लिपीत रोज टाइप करणाऱ्याने आपला कळफलक, मग तो इनस्क्रिप्ट असो वा फोनेटिक, लाइव्ह डेस्कटॉपवरच सुरू करून दोन परिच्छेद लिहून पाहावेत. जोडाक्षरे कोणत्या फॉन्टमध्ये मोडतात ते तिथेच कळते.

ओपनबीएसडीच्या स्वभावाचे एक उदाहरण इथेच देतो. बसवल्यानंतरच्या पहिल्या व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही. मायक्रोफोन ठीक असतो, ड्रायव्हर ठीक असतो, आवाजाची पातळीही ठीक असते, पण रेकॉर्डिंग कर्नलमध्येच मुद्दाम बंद ठेवलेले असते आणि प्रोग्रॅमला निव्वळ शांतता ऐकवली जाते. ‘कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड’ ही सेटिंग स्वतः एक केली की आवाज जातो. कॅमेऱ्यासाठीही तसेच वेगळे कुलूप आहे. काहींना हा जाच वाटतो. मला स्वतःला तो आवडतो, पण तसा तो आवडणारा माणूस आपण आहोत का, हे ओपनबीएसडी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

देखभालीची लय

प्रत्येक प्रणालीचे अपडेट एका विशिष्ट लयीत येतात आणि ती लय पुढे तुमच्या वेळापत्रकात घुसते. ढोबळमानाने तीन लयी आहेत.

पहिली संथ लय. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे त्यात फारसे काही बदलत नाही. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ आधाराची) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे आधार असतो. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती तिच्यावरच उभी आहे. या लयीत आज जे जिथे आहे ते दीड वर्षानेही तिथेच सापडते. याची किंमत अशी की प्रोग्रॅम जुने राहतात: एखाद्या सहकाऱ्याने नव्या आवृत्तीत केलेली फाइल उघडायला गेलो की कळते. ही अडचण आता फ्लॅटपॅक या प्रणालीपासून स्वतंत्रपणे प्रोग्रॅम बसवण्याच्या पद्धतीमुळे पुष्कळ कमी झाली आहे. तळाची प्रणाली जुनी ठेवून वरचे दोन-तीन प्रोग्रॅम ताजे ठेवता येतात. अगदी ताज्या हार्डवेअरसाठी मात्र संथ लय गैरसोयीची ठरते, कारण त्याचा ड्रायव्हर ज्या कर्नलमध्ये आला तो या आवृत्तीत नसतो.

दुसरी सहामाही लय. फेडोराची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने आधार असतो, म्हणजे एखादी आवृत्ती गाळली तरी चालते, पण वर्षातून एकदा मोठे अपग्रेड करावेच लागते. ओपनबीएसडीही सहामाही आहे आणि फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. तिचे अपग्रेड मी पाहिलेल्या सर्वांत सोप्या अपग्रेडपैकी एक आहे: ‘सिसअपग्रेड’ ही एक कमांड, एक रीस्टार्ट, मग पॅकेजेसचे अपडेट. फक्त मधली आवृत्ती ओलांडून पुढे उडी मारता येत नाही, म्हणून दोन वर्षे कपाटात राहिलेला लॅपटॉप चार पायऱ्या चढवावा लागतो.

तिसरी अखंड लय. आर्च, व्हॉइड, जेंटू आणि ओपनसुसेचे टंबलवीड यांत आवृत्ती अशी नसतेच. अपडेट वाहत असतात. आर्चचे चाहते सांगतात की ते मोडत नाही, आणि नियमितपणे अपडेट करणाऱ्यांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे. अडचण तीन महिन्यांनी एकदा संगणक उघडणाऱ्याची होते: मधल्या काळात हाताने करायचा एखादा बदल प्रकल्पाने जाहीर केलेला असतो, तो न वाचता अपडेट केले की गाडी अडते. एक लहानशी गोष्ट नवख्यांना नेहमी चकवते. अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि तुम्ही रीस्टार्ट केले नाही, तर चालू असलेल्या जुन्या कर्नलचे मॉड्यूल (लागतील तेव्हा जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग) डिस्कवरून गेलेले असतात. मग दुपारी पेन ड्राइव्ह लावला की तो उघडतच नाही आणि बिचाऱ्या पेन ड्राइव्हवर संशय घेतला जातो. रीस्टार्ट केले की सगळे पूर्ववत होते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात काहीच विशेष वाटत नाही, पण उद्या सकाळी संगणकावर परीक्षा द्यायची असणाऱ्याने अशा प्रणालीवर रात्री अपडेट करू नये.

फ्रीबीएसडी या तीन लयींत नीट बसत नाही, आणि हेच तिचे वैशिष्ट्य आहे. तळाची प्रणाली संथ असते, पॅकेजेस मात्र स्वतंत्रपणे, हवे तर तिमाही आणि हवे तर ताज्या साठ्यातून घेता येतात. झेडएफएस या फाइल-सिस्टिमवर बसवली असेल तर अपडेटपूर्वी ‘बूट एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे प्रणालीची त्या क्षणाची प्रत, तयार होते. अपडेट बिघडले तर सुरू होतानाच्या मेनूतून कालची स्थिती निवडायची आणि काम पुढे चालू ठेवायचे. ही सोय एकदा हाताला लागली की तिच्याशिवाय अपडेट करणे धाडसाचे वाटू लागते. लिनक्सकडे तिच्या जवळ जाणारी व्यवस्था ओपनसुसेने बीटीआरएफएस ही फाइल-सिस्टिम आणि स्नॅपर हे साधन यांच्या साहाय्याने आयती दिली आहे, तर फेडोराची सिल्व्हरब्लू ही आवृत्ती संपूर्ण तळच अदलाबदल करण्याजोगा ठेवते. मिंटमध्ये त्यासाठी टाइमशिफ्ट आधीच बसवलेले असते, पण ते सुरू करून द्यावे लागते. ज्याला बिघाड दुरुस्त करण्यात रस नाही त्याने लयीइतकेच महत्त्व मागे परतण्याच्या सोयीला द्यावे, असे मी म्हणेन.

याच संदर्भात चालवणारे कोण आहेत तेही पाहावे. सेंटओएस या लिनक्स वितरणाची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असे आधी सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय बदलला आणि ती २०२१ अखेर थांबली. दुसऱ्या टोकाला स्लॅकवेअरच्या १४.२ आणि १५.० या आवृत्त्यांमध्ये २०१६ ते २०२२ एवढे अंतर पडले, तरी प्रकल्प चालू राहिला. दोन-चार माणसांनी मूळ डिस्ट्रोवर नवा वॉलपेपर आणि चिन्हे चढवून काढलेल्या वितरणांच्या बाबतीत मी हात आखडता घेतो, कारण तो देखावा मूळ डिस्ट्रोवरही तासाभरात आणता येतो. गनोम, केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप जवळजवळ सर्वत्र मिळतात. स्क्रीनशॉट पाहून आपण निवडतो तो डेस्कटॉप असतो, प्रणाली नव्हे.

नावे कोणासाठी

विंडोजवरून पहिल्यांदाच येणाऱ्याने, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणासाठी संगणक तयार करून देणाऱ्याने, लिनक्स मिंट घ्यावे आणि पुढचा विचार सोडून द्यावा. ज्याला एकदा नीट बसवून मग वर्षानुवर्षे विसरून जायचे आहे त्याच्यासाठी डेबियन. नवा लॅपटॉप, ताजे ड्रायव्हर आणि वर्षाकाठी एखादे अपग्रेड करण्याची तयारी असेल तर फेडोरा. तीच ताजगी हवी पण बिघाडाची धास्ती वाटत असेल तर टंबलवीड. आर्च हे शिकण्यासाठी उत्तम आहे, आणि त्याचा विकी तर इतर प्रणाली वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

फ्रीबीएसडी डेस्कटॉपवर चालते, पण ती बसवल्यावर समोर काळा पडदा आणि लॉगिनची ओळ येते. डेस्कटॉप स्वतः उभारायचा असतो. ही मेहनत टाळून अंदाज घ्यायचा असेल तर घोस्टबीएसडी किंवा पेन ड्राइव्हवरूनच चालणारी नोमॅडबीएसडी पाहावी. फाइली साठवण्याचा सर्व्हर आणि रोजचा संगणक एकच ठेवणाऱ्याला झेडएफएसमुळे फ्रीबीएसडी विशेष मानवते. ओपनबीएसडी थोडे हवे पण नेमके हवे अशा माणसासाठी आहे. जुन्या थिंकपॅडवर ती सुखाने नांदते. तिच्या फाइल-सिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) नसल्याने अचानक वीज गेल्यावर पुढच्या वेळी डिस्कची तपासणी चालते आणि मोठ्या डिस्कवर ती वेळ खाते, म्हणून डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असलेला बरा. नेटबीएसडी ही ज्यांच्याकडे विचित्र जुनी यंत्रे आहेत त्यांची मैत्रीण. ओपनइंडियाना, म्हणजे सोलारिसचा मुक्त वारस, कुतूहल म्हणून आभासी यंत्रात, म्हणजे चालू प्रणालीच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, पाहावा.

बसवताना

यादी दोन नावांवर आली की दोन्ही आधी आभासी यंत्रात बसवाव्यात. वाय-फाय आणि स्लीपविषयी आभासी यंत्र काहीच सांगत नाही, पण इन्स्टॉलर कोणते प्रश्न विचारतो, पॅकेज कसे शोधतात आणि बिघडल्यावर दस्तऐवज किती मदत करतात, हे त्यातून कळते. मागची आवृत्ती मुद्दाम बसवून तिचे अपग्रेड करून पाहावे. त्या एका तासात पुढच्या दोन वर्षांची चव कळते.

इन्स्टॉलरची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) ताडून पाहावा आणि त्या आकड्यांच्या फाइलवरील डिजिटल सहीही तपासावी. नुसता आकडा पुरेसा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून कोणीतरी दुवे बदलले होते आणि लोकांना मागचे दार ठेवलेली आयएसओ दिली जात होती. जो संकेतस्थळ बदलू शकतो तो तिथला आकडाही बदलू शकतो, सही मात्र त्याला करता येत नाही.

‘डीडी’ कमांडने पेन ड्राइव्ह लिहायचा असेल तर एंटर दाबण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ चालवून डिस्कचा आकार वाचावा, नाव नव्हे. एसडीए आणि एसडीबी यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि मी एका रात्री त्या अक्षराच्या चुकीने बाहेरच्या डिस्कवरची तीन वर्षांची छायाचित्रे पुसली. त्यांतली निम्मी दुसरीकडे होती म्हणून परत मिळाली. डिस्कची नावेही प्रणालीगणिक बदलतात: लिनक्समध्ये जो पेन ड्राइव्ह एसडीबी असतो तो फ्रीबीएसडीत डीए० आणि ओपनबीएसडीत एसडी१ असू शकतो, म्हणून एका प्रणालीच्या सूचना दुसरीवर जशाच्या तशा टाइप करू नयेत.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर तिचे विभाजन तिच्याच साधनाने लहान करावे, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, आणि दोन प्रणालींत आलटून पालटून गेल्यावर घड्याळ काही तासांनी चुकले तर घाबरू नये. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स तीच जागतिक वेळ समजते. एका डिस्कवर बीएसडी आणि विंडोज यांचा संसार थाटण्यापेक्षा बीएसडीला स्वतंत्र डिस्क द्यावी. ओपनबीएसडी तर सरळ दुसऱ्या यूएसबी ड्राइव्हवर बसवून आपल्याच यंत्रावर आठवडाभर चालवून पाहता येते. वेग कमी मिळतो, पण हार्डवेअरची परीक्षा खरी होते.

जुनी प्रणाली लगेच पुसू नये. महिनाभर नवीवर काम करावे आणि प्रत्येक वेळी जुनीकडे परत जावे लागले की कशासाठी, ते कागदावर लिहावे. महिन्याअखेर एक संपूर्ण अपडेट करावे, बॅकअपमधून कोणतीही एक फाइल परत आणून उघडून पाहावी, आणि त्या कागदावरच्या यादीत प्रिंट काढणे, बँकेचे काम, व्हिडिओ कॉल यांपैकी काही उरले नसेल तर मगच जुने विभाजन काढून ती जागा नव्या प्रणालीला द्यावी.